आधी पाणी, मग मासा

नव्या फिशटँकची ‘सायकल अडकली’ ही तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्यातली असते. तीन आठवडे झाले, टाकीत मासे नाहीत, अमोनिया घालणं चालू आहे, फिल्टर दिवसरात्र फिरतोय. पहिल्या पंधरवड्यात अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट चढला आणि मग सगळं जागच्या जागी थिजलं. दुकानदार सांगतो, जिवाणू मेले, ही बाटली ओता. दुसरा सांगतो, सगळं पाणी काढा, टाकी धुवा, पहिल्यापासून सुरू करा. हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा नसलेल्या आजारावरचे असतात. गेल्या पाऊण-एक पिढीत या विषयावर झालेलं संशोधन आणि हौशी मंडळींचा जमलेला अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर जिवाणूंवर येणारा आळ क्वचितच खरा ठरतो. गडबड असते ती मोजण्यात, नाहीतर पाण्यात.

मासे न सोडता टाकी तयार करायची पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस रुजली. त्याआधी सर्रास दोन-चार ‘चिवट’ मासे सोडून दिले जात. ते तगले तर टाकी तयार, मेले तर आणखी दोन आणायचे. आपल्याकडे अजूनही हे चालतं. अमोनियाने त्यांचे कल्ले भाजतात आणि नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, म्हणजे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. या क्रूरपणाची काही गरज नाही. जिवाणूंना अमोनिया हवा असतो, तो माशाकडून आला की बाटलीतून याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

‘सायकल’ म्हणतात ती जिवाणूंची प्रक्रिया दोन टप्प्यांची. अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्यामानाने निरुपद्रवी. हे कळायला मात्र बराच काळ गेला, आणि त्या इतिहासात एक बाप-लेकाची जोडी आहे. लंडनच्या ॲपोथेकरीज हॉलमधले रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०मध्ये काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता समतोल टिकवता येतो हे दाखवलं. मत्स्यालयाच्या छंदाची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्यांचाच मुलगा, नावही रॉबर्टच, पुढे रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात याच प्रक्रियेच्या, म्हणजे नायट्रिफिकेशनच्या, मागे लागला. हे काम दोन वेगवेगळे जीव दोन टप्प्यांत करतात इथपर्यंत तो पोचला, पण ते जीव त्याला वेगळे काढता आले नाहीत. ते १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने साधलं. बापाच्या भांड्यात जे गुपचूप चाललेलं होतं, त्याचा शोध लेकाने घेतला.

पुढची शंभर वर्षं पुस्तकांनी नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोन नावं घोकली. मग एकेक गृहीतक ढासळत गेलं. टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये दाखवलं की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात नायट्राइट खाणारे मुख्यतः नायट्रोस्पिरा असतात, नायट्रोबॅक्टर नव्हेत. २००५मध्ये सिएटल अॅक्वेरियमच्या टाकीतल्या खड्यांवरून अमोनिया खाणारा एक आर्किया वेगळा काढला गेला. तो तर जिवाणूंच्या कुळातलाही नाही. २०११मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाला गोड्या पाण्याच्या बहुतेक मत्स्यालय-फिल्टरांत अशाच आर्कियांचं प्राबल्य आढळलं. आणि २०१५मध्ये नेदरलँड्स आणि ऑस्ट्रियातल्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की काही नायट्रोस्पिरा दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात. त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. हौशी माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच: फिल्टरमध्ये नेमकं कोण नांदतंय हे डोळ्यांनी कळत नाही, पण त्या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी सारख्याच आहेत. अमोनिया, प्राणवायू, टेकायला पृष्ठभाग, चिमूटभर फॉस्फेट आणि आम्ल पचवणारं पाणी. या शेवटच्या गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष जातं, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी अमोनिया कुठून आणायचा ते पाहू. मेलेली कोळंबी किंवा माशांचं खाद्य कुजवायची रीत जुनी आहे. चालते, पण किती अमोनिया सुटला हे कळत नाही, बुरशी धरते, आणि घरातल्यांचा छंदावरचा विश्वास उडतो. अमोनियम क्लोराइड सर्वात सोयीचं. कल्हईवाला भांड्यात टाकायचा तो नवसागर हाच. बाजारातला खड्यांचा नवसागर मात्र शुद्ध असेलच असं नाही, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातली बाटली घेतलेली बरी. ३.१४ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलीलिटर केलं, तर त्यातला १ मिलीलिटर १० लिटर पाण्यात अमोनिया १ पीपीएमने, म्हणजे लिटरमागे १ मिलीग्रॅमने, वाढवतो. आपल्याकडची ठरलेली दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी काठोकाठ भरली तर ५७ लिटर होते. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरा. तिला २ पीपीएम करायला १० मिलीलिटर पुरे. साफसफाईचा अमोनिया वापरणार असाल तर बाटली हलवून पाहा. फेस टिकला तर त्यात साबण आहे, ती टाकीत नको.

२ पीपीएमच का, ४ किंवा ५ का नाही? जुन्या सूचनांत ५चा आकडा सापडतो आणि अर्धी अडकलेली सायकल त्या आकड्याचीच देणगी असते. १९७६मध्ये अँथनिसेन आणि सहकाऱ्यांनी सांडपाण्याच्या संदर्भात दाखवून दिलं की मुक्त अमोनिया नायट्राइट खाणाऱ्यांना ०.१ ते १ मिलीग्रॅम प्रतिलिटर इतक्या कमी प्रमाणातही रोखू लागतो, तर अमोनिया खाणारे त्याच्या कितीतरी पट सोसतात. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग मुक्त असतो, बाकीचा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात. मुक्त किती, हे मुख्यतः पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त भाग मुक्त असतो, पीएच ८ला पाच टक्क्यांहून जास्त. २८ अंशांना, पीएच ८.२ असलेल्या बोअरवेलच्या पाण्यात ५ पीपीएम अमोनिया घातला की सुमारे ०.५ मुक्त होतो, म्हणजे बरोबर त्या अडवणाऱ्या पट्ट्यात. पहिला टप्पा चालू, दुसरा ठप्प. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं जिवाणू मेले. अशा वेळी अमोनिया घालणं थांबवून निम्मं पाणी बदललं की गाडी हलते. पाणी बदलल्याने जिवाणू वाहून जातात ही भीती व्यर्थ आहे. ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजवर, सिरॅमिकच्या नळ्यांवर आणि वाळूवर चिकटून असतात.

आता मोजण्याकडे येऊ. माझ्या मते ‘अडकलेल्या’ टाक्यांपैकी मोठा वाटा इथेच सुटतो.

नायट्राइटच्या नेहमीच्या थेंबांच्या किटचं रंगपत्रक ५ पीपीएमला संपतं. १ पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतो. म्हणजे ५-५ पीपीएमचे दोन डोस पचले तर टाकीत २७ पीपीएम नायट्राइट असू शकतो. तो २७वरून १०वर आला तरी नळीतला रंग तोच गडद जांभळा. माणूस रोज मोजतो, रोज तोच रंग पाहतो आणि म्हणतो काहीच घडत नाही. प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त काम झालेलं असतं. उपाय साधा: टाकीचं एक माप पाणी आणि नऊ मापं डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, ते तपासायचं आणि उत्तराला दहाने गुणायचं. हे न करता सायकल अडकल्याचा निर्वाळा देऊ नये.

नायट्रेटची चाचणी त्याहून फसवी. ती आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग तो नायट्राइट मोजते. टाकीत आधीच नायट्राइट ढिगाने असेल तर नायट्रेटचा आकडा निरर्थक होतो. ‘नायट्रेट ८० आहे म्हणजे सायकल झाली’ असं मानून मासे सोडणारे इथेच फसतात. शिवाय या किटच्या दुसऱ्या बाटलीतली पूड तळाशी बसते. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही आणि नंतर नळी मिनिटभर हलवली नाही तर उत्तर खोटं, आणि खोटं ते कमीच्या बाजूला.

अमोनियाच्या किटचे दोन प्रकार आहेत. नेसलर अभिकारक वापरणारं किट पिवळा रंग देतं, सॅलिसिलेटचं हिरवा. पाणी ‘निर्विष’ करणारी काही द्रव्यं अमोनियाला बांधून ठेवतात. त्यानंतर नेसलरचा आकडा भलताच येऊ शकतो, आणि सॅलिसिलेट बांधलेला अमोनियाही मोजतं. द्रव्य घातल्या दिवशी दिसलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. नेसलरमध्ये पारा असतो, म्हणून हात धुवा आणि ती नळी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. ०.२५ हा सॅलिसिलेट किटचा लाडका आकडा. पिवळसर एलईडीखाली शून्यही फिकट हिरवं दिसतं. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे, शेजारी डिस्टिल्ड वॉटरची नळी ठेवून पाहावं. दोन्ही सारख्या दिसल्या तर तो शून्य. चाचणीच्या कागदी पट्ट्यांचं सांगायचं तर बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, त्यामुळे या कामी त्या निम्म्या आंधळ्या आहेत.

एककांचा गोंधळ वेगळाच. काही डिजिटल उपकरणं अमोनिया न दाखवता त्यातलं फक्त नायट्रोजन दाखवतात. नायट्रोजनचा १ म्हणजे अमोनियाचा १.२, पण नायट्रेटचा ४.४. दोन किटांचे आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरण्याआधी बारीक अक्षरात छापलेलं एकक वाचावं.

या सगळ्यावर एक चांगली तपासणी म्हणजे नायट्रोजनचा जमाखर्च. घातलेल्या प्रत्येक १ पीपीएम अमोनियामागे शेवटी ३.६५ पीपीएम नायट्रेट दिसायला हवा. २ पीपीएमचे दहा डोस पूर्ण पचले आणि पाणी बदललं नसेल तर ७३च्या आसपास. त्यात नळाच्या पाण्यातला मूळ नायट्रेट मिळवायचा, आणि तो शून्य धरून चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा ४५ मिलीग्रॅम प्रतिलिटर आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक विहिरी, बोअरवेल ती ओलांडतात. अशा गावात पहिल्याच दिवशी नायट्रेट दिसला तर टाकी जादूने तयार झालेली नसते. म्हणून नळाचं पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून त्याचे पीएच, केएच (तो काय हे पुढे येतंच), अमोनिया आणि नायट्रेट आधी लिहून ठेवावेत. मेळ फार बसत नसेल तर पाणवनस्पती अमोनिया खात असतील, नाहीतर मोजण्यात चूक.

मोजणं बरोबर असूनही टाकी खरोखर थांबली असेल, तर संशयित क्रमांक एक म्हणजे केएच, पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल सुटतं. २ पीपीएमचा एक डोस पूर्ण पचायला सुमारे १२ मिलीग्रॅम प्रतिलिटर कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्च होते, केएच ज्यांत मोजतात त्या जर्मन अंशांत दोन तृतीयांश अंश. आकडा किरकोळ वाटतो. पण टाकी चांगली चालायला लागली, रोजचा २ पीपीएमचा डोस रोज पचायला लागला, की तीन अंश केएचचं पाणी पाचव्या दिवशी रितं होतं. मग पीएच कोसळतो. ६.५च्या खाली नायट्रिफिकेशन मंदावतं आणि ६च्या खाली जवळपास बंद पडतं. गंमत अशी की हे घडतं ते वसाहत जोम धरते तेव्हाच. अपयशाचं कारण यश असतं. जिवाणू मेलेले नसतात, थांबलेले असतात.

आपल्याकडे याचं ठरलेलं निमित्त म्हणजे आरओचं पाणी. स्वयंपाकघरातलं यंत्र ‘शुद्ध’ पाणी देतं, मग माशांना तेच द्यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या पाण्यातला केएच बहुधा एक-दोन अंशांच्या आत असतो. आरओ विकणाऱ्यांनी टीडीएसचा आकडा घराघरांत पोचवला आणि लोक टीडीएसवरून पाण्याची पारख करू लागले. टीडीएस विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात आम्ल पचवणारे किती हे सांगत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याचाही टीडीएस भरपूर येईल आणि केएच शून्य. तलावांतून येणारं मुंबईचं पाणीही मृदूच, त्यामुळे तिथे नळाचं पाणी वापरूनही हा प्रसंग येतो. बोअरवेलवाल्यांना तो सहसा येत नाही. त्यांचं दुखणं वर सांगितलेलं, चढ्या पीएचचं आणि मुक्त अमोनियाचं.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. १०० लिटरमागे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा केएच एका अंशाने वाढवतो. आपल्या ५० लिटरच्या टाकीत चार अंश हवे असतील तर ६ ग्रॅम. धुण्याचा सोडा चुकूनही नको, तो पीएच भलताच चढवतो. मासे असते तर ही वाढ काही दिवसांवर पसरावी लागली असती, कारण पीएच चढला की निरुपद्रवी अमोनियम पुन्हा मुक्त अमोनिया होतो. रिकाम्या टाकीत सगळं एकदम घालता येतं. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवला तर तो पीएच उतरू लागला की हळूहळू विरघळत राहतो. कोकणात ही गोष्ट फुकट मिळते. मात्र शिंपले आधी चांगले धुऊन, उकळून घ्यावेत.

संशयित क्रमांक दोन, प्राणवायू. २ पीपीएम अमोनिया पूर्ण पचवायला लिटरमागे साडेसात मिलीग्रॅम प्राणवायू लागतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात विरघळू शकणारा सगळा प्राणवायूही साधारण तेवढाच. म्हणजे पृष्ठभाग सतत हलता हवा. नागपूरच्या उन्हाळ्यात एअर पंप चैन नाही. वीज गेली की बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधला प्राणवायू आधी संपतो. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा एअर पंप महागड्या कॅनिस्टरपेक्षा शहाणपणाचा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तापमान २६ ते ३० अंश ठेवा, पुण्याच्या डिसेंबरात हीटरशिवाय महिना वाढतो. पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन हायपोने, म्हणजे फोटोच्या अंधारखोलीत वापरत त्या सोडियम थायोसल्फेटने, काढा. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढतो, तेव्हा जास्त जपा. स्पंज नळाखाली धुणं हा जिवाणू खरोखर मारण्याचा एक हमखास मार्ग. आरओ आणि शुद्ध अमोनियम क्लोराइड अशी जोडी असेल तर फॉस्फेटची उपासमार होऊ शकते. पिण्याच्या पाण्याच्या वाळू-गाळण्यांतही असं आढळलेलं आहे. चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं की पुरतं. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर ते दुसऱ्याच, कुजकं खाणाऱ्या जिवाणूंचं काम, त्याला हात लावू नका.

दाट लागवडीच्या टाकीला यातले बरेच नियम लागू नाहीत. पाणवनस्पती अमोनिया थेट उचलतात, त्यामुळे नायट्राइट चढतच नाही आणि नायट्रेट शून्यावर राहतो. डायना वॉल्स्टड यांचं १९९९चं पुस्तक याच पायावर उभं आहे. खास लागवडीची तयार माती घातली असेल तर ती सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडते आणि केएचही शोषते. तिथे वरून नवसागर घालणं आणि केएच वाढवायला झगडणं, दोन्ही वाया.

बाटलीबंद जिवाणूंवर माझं मत सौम्य आहे. होवानेक यांच्या शोधानंतरची, योग्य जातींची उत्पादनं आहेत आणि ती ताजी मिळाली तर दिवस वाचवतात. पण मे महिन्यात कुरियरच्या टेम्पोतून फिरून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल, ते लेबलावर लिहिलेलं नसतं. ओळखीच्या माणसाच्या निरोगी जुन्या टाकीतला मळका स्पंज, ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवणं यापेक्षा सरस, आणि फुकट. बाटलीसाठी काढलेले पैसे केएचच्या किटवर खर्च करावेत. अमोनिया-नायट्राइटची किटं सगळे घेतात, केएचचं कुणी घेत नाही.

टाकी तयार झाल्याची कसोटी एकच: २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. चार-सहा आठवडे लागले तर ते सामान्य आहे. मग मोठं पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि मासे एक-दोन दिवसांत आणा. उशीर होणार असेल तर अधूनमधून थोडा अमोनिया चालू ठेवा. ५० लिटरमध्ये रोज २ पीपीएम म्हणजे १०० मिलीग्रॅम अमोनिया. मत्स्यपालनातल्या नेहमीच्या हिशेबाने चाळीस टक्के प्रथिनांचं खाद्य ग्रॅममागे सुमारे ४५ मिलीग्रॅम अमोनिया देतं. म्हणजे तुमचा फिल्टर रोजचं दोन ग्रॅमहून जास्त खाद्य झेलायला तयार आहे, आणि डझनभर गप्पी दिवसाला अर्धा ग्रॅमही खात नाहीत. ४-५ पीपीएम पचवून दाखवायचा हट्ट धरण्याचं कारणच नाही.